दुर्बीण एक, पद्धती दोन

लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही. त्यामुळे घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ‘उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय तुम्हाला,’ असं हिचं निदान. पुन्हा तसंच झालं तेव्हा भांडुपच्या आमच्या डॉक्टरांनी सरळ सोनोग्राफी लिहून दिली. “काका, दुखत नाही म्हणूनच मला काळजी वाटते,” म्हणाले. मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर साधारण २ सेंटिमीटरची गाठ निघाली. मग सीटी स्कॅन झाला आणि गाठ तेवढी एकच असल्याचं कळलं. सिगारेट सुटून बरीच वर्षं झाली होती. पण धुरातली रसायनं रक्तातून लघवीत उतरतात आणि ती लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते, हे मला तेव्हा कळलं. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूच.

‘आधी बायोप्सी करून घ्या’ असं नातेवाइकांपैकी जवळपास प्रत्येकाने सुचवलं. या आजारात ते तसं चालत नाही. दुर्बिणीतून गाठ काढणं हाच पहिला उपचार आणि तीच बायोप्सी. आजार अस्तरापुरता आहे की खाली स्नायूत उतरलाय, हे त्या तुकड्यांवरूनच ठरतं. म्हणून ती कशी काढतात याला एवढं महत्त्व.

पहिल्या सर्जननी नेहमीची पद्धत सांगितली, टीयूआरबीटी. लघवीच्या मार्गाने दुर्बीण आत जाते, तिच्या टोकाशी तारेचं छोटं कडं असतं, त्यातून वीज सोडून गाठ वरून खाली थराथराने कापत आणायची. पूर्वीच्या मोनोपोलर यंत्रात पिशवी भरायला मिठाचं पाणी चालत नसे, ग्लायसिनचं द्रावण वापरावं लागे. ते जास्त शोषलं गेलं तर रक्तातलं सोडियम उतरायचं. आता बायपोलर यंत्रावर साधं सलाइन चालतं, त्यामुळे ती भीती बरीच कमी झाली आहे.

मुलाच्या आग्रहाने दादरला दुसरं मत घेतलं. हे सर्जन लेझरने ‘एन ब्लॉक’, म्हणजे गाठ अख्खी काढणारे. त्यांनी कागदावर फ्लॉवरचा गड्डा काढला. “नेहमीच्या पद्धतीत आपण तुरे खुडत खाली येतो. यात देठाभोवती गोल कापायचं, खालच्या स्नायूचा पातळ थर धरायचा आणि गड्डा देठासकट उचलायचा.” तुकडे झाले की पॅथॉलॉजिस्टला कुठला तुकडा वरचा, कुठला तळाचा ते सांगणं अवघड जातं, कडा जळलेल्या असतात. शिवाय सुट्या पेशी पाण्यात तरंगून दुसरीकडे रुजू शकतात, असंही मानलं जातं. अख्खा नमुना मिळाला तर तळ स्पष्ट दिसतो. हाँगकाँगमध्ये झालेल्या चाचणीत ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये वर्षभरात आजार परतण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे ३८ टक्के होतं आणि एन ब्लॉकमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास. आजार पुढच्या पायरीवर जाण्याच्या प्रमाणात मात्र वर्षभरात तसा फरक दिसला नाही. ही दुसरी बाजू त्यांनी आपणहून सांगितली, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

लेझर म्हणजे चिरफाड नाही, असं सोसायटीतल्या सगळ्यांचं ठाम मत. अहो, चिरफाड दोन्हींत नाही! पोटावर टाका एकात पडत नाही की दुसऱ्यात. आणि एन ब्लॉकला लेझरच लागतो असंही नाही, तेच विजेच्या उपकरणानेही करतात. गाठ मोठी असेल तर मात्र ती अख्खी त्या अरुंद वाटेने बाहेर काढता येत नाही, मग तुकडे करावेच लागतात. म्हणजे माझ्या गाठीचा आकार माझ्या बाजूने होता.

जागा मात्र अडचणीची होती. मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीजवळून मांडीची एक नस जाते. विजेने तिथे कापताना नस चेतवली गेली तर मांडी एकदम झटका देते, आणि हातात चालू यंत्र असताना पिशवीला भोक पडू शकतं. पहिल्या सर्जननीही हे लपवलं नव्हतं. त्यांचा उपाय नसेला बधिर करणारं इंजेक्शन किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करणं हा होता. लेझरमध्ये वीज शरीरातून जात नाही, त्यामुळे त्या झटक्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

दोघांनाही मी एकच प्रश्न विचारला होता: नमुन्यात स्नायू येईल ना? पहिल्यांचं उत्तर होतं, “प्रयत्न असतोच, पण आला नाही तर पुन्हा जावं लागेल.” दुसऱ्यांचं, “याच कारणासाठी मी असं कापतो.” मी दुसऱ्यांकडे ऑपरेशन करायचं ठरवलं. पहिले चुकीचे होते असं नाही. गाठ मोठी असती किंवा अनेक असत्या तर मी त्यांच्याकडेच गेलो असतो. खर्चाचा फरक बोचण्याइतका होता. ‘लेझरच का’ असं विमा कंपनीने विचारलं, डॉक्टरांनी गाठीच्या जागेचं कारण लिहून दिलं, तेव्हा मंजुरी आली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच. कमरेत इंजेक्शन, पडद्यावर आपलीच पिशवी, आणि शेवटी डबीतला तो तुकडा. त्रास नंतरचा. तीन तोंडांच्या कॅथेटरमधून सलाइन आत-बाहेर खेळतं, बाहेर येणारं पाणी गुलाबी दिसतं, आणि मधूनच लघवीची अशी कळ येते की आपल्याला नळी घातलेली आहे हेच विसरायला होतं. सिस्टरनी नळी कुठे अडकली नाही ना ते पाहिलं आणि कळीची गोळी दिली.

रिपोर्ट आला: टी-वन, हाय ग्रेड (म्हणजे आजार अस्तराखालच्या थरापर्यंत आणि पेशी आक्रमक जातीच्या), नमुन्यात स्नायू आहे आणि त्यात आजार नाही. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) परळला टाटामध्ये दाखवले, तिथेही तेच मत पडलं. मला वाटलं सुटलो. पण सर्जन म्हणाले, “काका, टी-वन हाय ग्रेडला मी पुन्हा आत बघतोच.” साधारण २ ते ६ आठवड्यांत हे करतात. एवढं सगळं अख्खं काढल्यावर परत कशाला, म्हणून मी थोडा चिडलो. या दुसऱ्या फेरीची गरज एन ब्लॉकनंतर कितपत, यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे म्हणे, पण त्यांना माझ्यावर तो प्रयोग करायचा नव्हता. जुन्या जागेचा तळ पुन्हा खरवडला, त्यात काही निघालं नाही.

त्यानंतर, आजार परतू नये म्हणून, बीसीजी. क्षयाची तीच लस, इथे नळीने पिशवीत सोडतात. आठवड्यातून एकदा, असे सहा डोस. दोन तास लघवी धरायची, नंतरचे ६ तास दर वेळी लघवी झाली की संडासात ब्लीच ओतून थोडं थांबायचं आणि मग फ्लश. आमच्या दोन खोल्यांच्या घरात या वेळापत्रकावरून डोसच्या दिवशी सकाळी बैठक भरायची. जळजळ होते, अंगात कणकण येते. ताप चढला आणि उतरलाच नाही तर लगेच कळवायला सांगितलंय. सहा डोस झाले, आता देखभालीचे डोस चालू आहेत. तिसऱ्या महिन्याची दुर्बीण स्वच्छ निघाली. पुढची तारीख मुलाने फोनमध्ये टाकून ठेवली आहे, आणि हिने फ्रिजवर.