दिवा लागतोय ना, मग झालं

“दिवा लागतोय ना? मग झालं. त्या खुणेवर काळी टेप लाव आणि विषय संपव.” माझ्या दुचाकीच्या मीटरवर मागचा दिवा गेल्याची पिवळी खूण येते, हे सांगितल्यावर एवढं बोलून दादा हेल्मेट घालून निघूनही गेला. त्याच्या परीने त्याने माझी काळजी मिटवली होती. मला मात्र दुपारपासून ते वाक्य टोचतंय.

त्यात टोचण्यासारखं काय आहे, ते लिहून बघते. चिडून बोलला असता तर भांडता आलं असतं. तो हसत बोलला, आणि वर “तुला काही ना काही सापडतंच” हेही ऐकवलं. म्हणजे बिघाड गाडीत नाही, माझ्यात. तो असं म्हणाला नाही, पण मला तसंच ऐकू आलं.

खूण साधीच आहे. चावी फिरवली की टेल लाइट लागतो. मागे जाऊन बघते, तर लाल, व्यवस्थित. ब्रेक दाबला की ब्रेक लाइटही लागतो. गाडी निघते, एखादा खड्डा जातो, पुढे कुठेतरी ब्रेक लावते आणि मीटरवर ती पिवळी खूण उगवते. उगवली की चावी बंद करेपर्यंत जात नाही. उतरून मागे जावं, तर दिवा लागलेलाच.

गाडीवरचे बाकीचे दिवे चालवताना कसे ना कसे कळतात. हेडलाइटचा झोत समोर पडतो, इंडिकेटरची टिकटिक मीटरवर दिसते. मागचा तेवढा माझ्या पाठीमागे. तो आहे की नाही, हे मागून येणाऱ्यालाच माहीत, आणि त्याला जे माहीत असतं ते माझ्यापर्यंत कधी पोचत नाही. पोचलंच तर... असो. माईच्या वेळचं आज लिहायचं नाही.

घरात माझी शंका कुणी पहिल्या झटक्यात खरी मानल्याचं मला आठवत नाही. गॅसचा वास येतोय म्हटलं तरी आधी “तुलाच कसा येतो” आणि मग खिडकी. मी धाकटी म्हणून असेल, किंवा मी फार वेळा बोलते म्हणून असेल. फार वेळा बोलणाऱ्याचं ऐकायचं नाही, असं घराघरांत आपोआप ठरून जातं. आज त्याचं जरा जास्तच वाईट वाटलं.

शेवटी अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून लावली. एकटीने मागचा दिवा बघायचा तर हाच उपाय. भिंतीवर लाल डाग पडला. ब्रेकचा लिव्हर ओढला की तो डाग एकदम उसळायला हवा. बल्ब एकच असला तरी आत तारा दोन असतात, टेलची 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची. चौपटीहून जास्त फरक. डाग वाढला, पण अंग चोरून. पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. एखादा म्हणेल ठीक आहे, एखादा म्हणेल मंद आहे. दादा ठीकच म्हणाला असता.

बल्ब काढला. दाबून फिरवला की सुटतो. बाजूच्या दोन पिना वर-खाली असतात, म्हणून तो उलटा बसतच नाही. काच स्वच्छ, तारा शाबूत. बुडाच्या दोन्ही शिशाच्या टिकल्या जरा चपटलेल्या, पण चकचकीत. वीज मोजायचा मल्टिमीटर लावला, तर ब्रेकच्या तारेचा रोध एक ओहमच्याही आत दिसला. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा शॉर्ट वाटेल. पण थंड तार अशीच असते, लागून तापली की तोच रोध सात ओहमच्या आसपास जातो. बल्ब निर्दोष होता. मग होल्डरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वाट मध्येच कुठे तुटलेली नाही ना, ते पाहिलं. मीटर लगेच टीं करून ओरडला. सगळं ठीक.

तेव्हा खरंच हातपाय गळाले. मीटरसुद्धा दादाचंच बोलत होता.

उठून आत जाणार होते. नंतर मनात आलं, मीटर ती टीं वाजवायला वायरीतून किती करंट सोडतो? अगदी नखभर, मिलीॲम्पियरमध्ये. टेल लाइटला लागतो साधारण 0.4 ॲम्पियर आणि ब्रेकला पावणेदोन. अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीचा, जोड अर्धवट धरून असेल, तर नखभर करंट त्यातून सहज जातो, टेलचाही कसाबसा जातो. ब्रेक दाबल्यावर मोठा करंट आला की तो जोड कमी पडतो. म्हणजे दिवा खरोखर लागतो आणि खरोखर बिघडलेलाही असतो.

म्हणून करंट चालू ठेवून मोजलं. बल्ब परत बसवला, मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब होल्डरच्या बॉडीला. नुसत्या टेलवर 0.3. ब्रेक दाबला, 1.5. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. बॅटरीतून निघालेले दीड व्होल्ट दिव्यापर्यंत न पोचता वाटेतच एका जोडात खर्च होत होते. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या हिशोबात घटत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जाऊन घटतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड साधारण तीस टक्के उतरतो. माझं त्याहून जास्त उतरलं होतं.

सीटखाली, फ्रेमवर, काळ्या वायरीचं गोल टर्मिनल बोल्टने आवळलेलं असतं. बोल्ट हाताने फिरला. टर्मिनलवर हिरवा कळंक, आणि त्याच्याखाली फ्रेमचा रंग अजून तसाच, मध्ये एक बारीक चकाकती चंद्रकोर. तेवढ्या चंद्रकोरीवर माझ्या मागचा सगळा उजेड चालला होता. गाडी उभी असताना ती टेकून राहायची. इंजिनाची थरथर आणि खड्ड्याचा धक्का मिळाला की क्षणभर सुटायची. डोळ्याला ते कळायच्या आत जोड पुन्हा टेकलेला असायचा. गाडीच्या मॉड्यूलला, म्हणजे दिव्यांवर नजर ठेवून ती खूण पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, उजेड दिसतच नाही, ते फक्त करंट बघतं, त्यामुळे तो तुटलेला क्षण त्याने धरून ठेवला. मी उतरून मागे जाईपर्यंत दिवा पुन्हा लागलेला.

पॉलिश पेपरने दोन्ही बाजू लखलखीत केल्या, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा पातळ हात दिला. पुन्हा मोजलं, ब्रेक दाबून 0.04. भिंतीवरचा डाग उसळला. मला एकटीला मोठ्याने हसू आलं.

दादाला लगेच फोन लावणार होते, आकडेही तयार होते. मग नाही लावला. तो उभ्या गाडीमागे उभा राहिला आणि त्याला लागलेला दिवा दिसला. तिथून दुसरं काही दिसणार तरी कसं? तो त्याच्या जागेवरून खरंच बोलत होता. टोचणं अजून पूर्ण गेलेलं नाही. पण ते दिव्याचं नव्हतंच बहुतेक, आणि बाकीचं मीटर लावून सापडणारं नाही. ते राहील थोडं. राहू दे.

टेपचा विचार मात्र डोक्यातून जात नाही, कारण तसलाच सल्ला दुसऱ्या रूपातही मिळतो. एलईडी बल्ब टाका म्हणतात. एलईडी करंट कमी खातो, मॉड्यूलला वाटतं बल्ब गेला, खूण पेटते. मग ती विझवायला समांतर रेझिस्टर जोडायचा. तो तापत बसतो, करंट ओढत राहतो आणि मॉड्यूल खूश. उद्या एलईडी खरंच गेला तरी रेझिस्टर करंट ओढतच राहणार आणि खूण काही येणार नाही. टेप निदान दिसते तरी. मी साधा तारेचा बल्बच ठेवणार आहे, एक जास्तीचा कापडात गुंडाळून सीटखाली ठेवलाय.

एक गोष्ट राहिली. हाताचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक, दोन्हींचे स्विच वेगळे असतात, आणि आजची सगळी मोजणी मी हाताच्या ब्रेकवर केली. पायाचा दाबून उद्या उजेडी पुन्हा मोजायचं. मग त्या खड्ड्यांच्या रस्त्यानेच एक फेरी.