व्हेक्टर आहे म्हणून बिनधास्त मोठं करताय? थांबा जरा

व्हेक्टर म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा-आकारांच्या गणितावर बनलेलं चित्र. 'व्हेक्टर फाईल आहे, कितीही मोठी कर, फाटत नाही' असं सगळेच म्हणतात, आणि कडा फाटत नाहीत हे खरंच आहे, पण प्रिंटला घोळ होतो तो कडांमुळे नाहीच मुळी, तो होतो रेघांच्या जाडीमुळे.

समजा ए४ वर चित्र काढलंय, रेघ १ पॉइंटची (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग). तेच ए१ ला नेलं की सगळं २.८३ पट होतं, पण इलस्ट्रेटर या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' हा रेघांची जाडीही सोबत बदलणारा ऑप्शन बंद असेल तर रेघ आपली १ पॉइंटच राहते आणि पोस्टर एकदम अशक्त दिसतं. आता उलटं करा, तेच २१० मिलिमीटरचं चित्र ३० मिलिमीटरच्या स्टिकरवर. ऑप्शन चालू असेल तर रेघ ०.१४ पॉइंटवर येते, आणि साधारण ०.२५ च्या खाली गेलं की छपाईत रेघ तुटक येते नाहीतर गायबच. ऑप्शन बंद असेल तर मग रेघा एकमेकींना चिकटतात, नाक डोळे सगळं एक. म्हणजे लहान साईजला बटणाने काम होतच नाही, वेगळी फाईलच लागते, कमी रेघा, जास्त मोकळी जागा. क्लायंटला हे पटवणं हा वेगळा विषय 😄

मोठ्या साईजसाठी मात्र मी शेवटी स्ट्रोकचं आउटलाइन करून टाकते (रेघेचा भरीव आकार होतो), म्हणजे ती ऑप्शनची भानगडच नको. फॉन्टही कर्व्ह करायचे (अक्षरांचे नुसते आकार करायचे), नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरांचं जे काही होतं ते बघवत नाही. अर्थात हे सगळं कॉपीवर हं, मूळ फाईल एडिटेबल ठेवायचीच.

अजून एक, शॅडो, ग्लो, ब्लर हे दिसतात व्हेक्टरमध्ये पण असतात पिक्सेलच. डॉक्युमेंटचं रास्टर इफेक्ट सेटिंग (या इफेक्टना इंचाला किती पिक्सेल) ७२ वर राहिलं असेल तर कडा मस्त आणि सावली चौकोनी चौकोनी. मोठा बॅनर १:१० नी, म्हणजे दहापट लहान करत असाल तर आत टाकलेला ३०० चा फोटो छापताना ३० चा होणार हेही धरून चाला. आणि पीएनजी (पिक्सेलची फाईल) उचलून एसव्हीजीमध्ये (व्हेक्टर फाईलचा एक प्रकार) टाकली म्हणजे ती व्हेक्टर होत नाही, प्लीज!

ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई, ३ मिलिमीटर धरतात बहुतेक जण, पण ते फायनल साईजला. ए४ ला ठेवलेलं ब्लीड स्टिकरला अर्धा मिलिमीटरही उरत नाही, त्यामुळे प्रत्येक साईजला ते नव्याने द्यायचं.

एसव्हीजी थेट प्रेसला पाठवायच्या भानगडीत मी पडत नाही. एक तर त्यात रंग आरजीबी (स्क्रीनचे, छपाईचे नव्हेत), शिवाय इंच म्हणजे किती पिक्सेल यावर सॉफ्टवेअर्सचं एकमत नाही, इंकस्केप ०.९२ आवृत्तीच्या आधी ९० धरायचं, नंतर ९६, इलस्ट्रेटर ७२. त्यामुळे पीडीएफच द्यायची आणि मेलमध्ये रुंदी उंची मिलिमीटरमध्ये लिहायची.