इंग्लंडच्या कंट्री हाउसमधलं मराठी लग्न आणि माझा कॅमेरा : माझा अनुभव

मी लेस्टरला राहते आणि लग्नांचे फोटो काढते. इथली माझी बहुतेक कामं हॉलमधली, देवळातली किंवा हॉटेलातली. गेल्या जूनमध्ये डर्बीशरमधल्या एका जुन्या कंट्री हाउसमधलं लग्न माझ्याकडे आलं. मुलगी मराठी, मुलगा इंग्रज. सकाळी आपले विधी, दुपारी कायदेशीर लग्न, रात्री जेवण आणि नाच, सगळं एकाच घरात. भारतातून अशा कामासाठी विचारणा करणारे आणि इथे नव्याने धंदा सुरू करणारे मराठी फोटोग्राफर मला याबद्दल पुष्कळ विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी ही घरं लग्नासाठी मिळतात कशी, ते सांगते, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच येतात. जमीनदार घराण्यांनी शेकडो एकर जमिनीच्या मधोमध बांधलेली ही घरं. विसाव्या शतकात वारसा कर, दोन महायुद्धं आणि नोकरमाणसांचा तुटवडा यामुळे अशी शेकडो घरं पाडली गेली. जी उरली त्यांना नुसतं छप्पर शाकारून ठेवायलाही पैसा लागतो. पूर्वी इंग्लंड-वेल्समध्ये कायदेशीर लग्न चर्चमध्ये किंवा इतर नोंदणीकृत प्रार्थनास्थळी, नाहीतर सरकारी नोंदणी कार्यालयात करावं लागे. 1994 च्या विवाह कायद्याने मान्यताप्राप्त जागांमध्ये नोंदणी पद्धतीचं लग्न लावायची मुभा दिली आणि 1995 पासून या घरांना उत्पन्नाची नवी वाट मिळाली. लग्नाच्या भाड्यातून घराची डागडुजी होते. म्हणून घराला लग्न हवं असतं, पण घराला ओरखडाही नको असतो.

काम पक्कं झाल्यावर घराच्या को-ऑर्डिनेटरकडून मला पहिल्यांदा अटींची यादी आली. पन्नास लाख पौंडांचा पब्लिक लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्या कामामुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, असल्याचा दाखला. चार्जर, लाइट अशा विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची सुरक्षा तपासणी झाल्याचा कागद. ट्रायपॉडच्या पायांना रबर. दिवाणखान्यात फ्लॅश अजिबात नाही, कारण तिथे भिंतींवर जुनं रेशीम आहे. मला यात काही जाचक वाटलं नाही. अडीचशे वर्षं टिकलेलं रेशीम आपल्या एका दिवसासाठी का विटावं?

खरा प्रश्न मराठी लग्नाचा होता. हळद, कुंकू, अक्षता आणि अग्नी या चारही गोष्टी जुन्या गालिच्यांच्या आणि लाकडी जमिनींच्या घरात अवघड. हे काम फोटोग्राफरचं नाही असं कुणी म्हणेल. पण को-ऑर्डिनेटरने कधी मराठी लग्न पाहिलं नव्हतं आणि नवरीच्या आईला घराचे नियम ठाऊक नव्हते. दोन्हीकडचं समजणारी मी एकटीच होते. शिवाय विधी कुठे होणार हे ठरल्याशिवाय मला उजेड कसा मिळणार ते कळणार नव्हतं. मग आम्ही एकत्र बसलो. हळद आदल्या दिवशी त्यांच्या घरीच लावायची असं काकूंनी, म्हणजे नवरीच्या आईने, लगेच मान्य केलं. लग्नाचा मंडप घरामागच्या दगडी फरसबंदीवर. होमकुंड मंडपाबाहेर, दोन पावलांवर, शेजारी अग्निशामक नळकांडं घेतलेला घराचा माणूस. अक्षतांवर बराच वेळ बोलणं झालं. ओला तांदूळ फरशीवर घसरतो आणि कुंकवाचा डाग दगडातून जात नाही, हे घराचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी पाहुण्यांच्या हातात फुलांच्या पाकळ्या आणि घरच्या मंडळींना न रंगवलेल्या अक्षता असं ठरलं. मंडपाखाली जाड सुती जाजम. गुरुजींनी याला हसत होकार दिला आणि माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या काही आठवडे आधी मी रेकीला, म्हणजे जागेची पाहणी करायला, गेले. अशा जागी रेकी न करता कुणी काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मी खोल्यांपेक्षा दिशा जास्त पाहिल्या. या घराचं मुख्य तोंड उत्तरेला आहे, खांबांचा मोठा व्हरांडा आणि रुंद पायऱ्या तिकडेच. जवळचंच केडल्स्टन हॉलही असंच उत्तराभिमुख आहे. ते लॉर्ड कर्झनच्या घराण्याचं घर, आणि त्याच्या नमुन्यावरून कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे नंतरचं राजभवन, बांधलं गेलं. उत्तराभिमुख घराची दर्शनी बाजू दिवसभर सावलीत असते. मागचं आकाश उजळ आणि घर काळपट, असे कंटाळवाणे फोटो येतात. पण जूनमध्ये इथे सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, बराच वायव्येला सरकून मावळतो, तोही साडेनऊच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी सहानंतर त्या उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन यायला लागतं. वायव्येला उंच झाडं नाहीत, हे मी स्वतः चालत जाऊन पाहिलं. नवरा-नवरीचे घरासमोरचे फोटो दुपारी काढायचे नाहीत, रात्री साडेआठला काढायचे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आत नवरीच्या तयारीसाठी ओकच्या फळ्या लावलेली खोली मिळणार होती. छतावर फ्लॅश मारून मऊ उजेड खाली आणायची आपली सवय अशा खोलीत चालत नाही, कारण तपकिरी लाकडावरून परत येणारा उजेड तपकिरीच असतो आणि शालूचा रंग पार बदलतो. एकच मोठी खिडकी होती. मी ठरवलं की आरशाचं टेबल खिडकीला काटकोनात फिरवायचं, खोलीतले पिवळे दिवे बंद करायचे आणि तेवढ्यावर काम करायचं. पस्तीस आणि पंच्याऐंशी मिलिमीटर अशा दोन लेन्स, दोन कॅमेरे, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200 पर्यंत. नथीची सावली ओठांवर पडू नये म्हणून नवरीचा चेहरा खिडकीकडे थोडा जास्त वळवावा लागतो, एवढं एक लक्षात ठेवायचं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त अकरा चाळीसचा होता. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वर आणि वधू उभे राहतात, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. त्या वेळी इथलं ऊन आग्नेयेकडून येतं. एकाचा चेहरा उन्हात आणि दुसऱ्याचा सावलीत, असा कठीण प्रसंग होता. म्हणून मंडपवाल्याला आधीच सांगून वर पातळ पांढरं कापड ताणून घेतलं होतं. त्यामुळे दोन्ही चेहरे सारखे आले. होमकुंड बाहेर ठेवण्याचा हाही एक फायदा झाला, कापडाखाली अग्नी नको होता.

माझी जोडीदार फोटोग्राफर इंग्रज आहे, कामाला फार चांगली. तिला मी आठवडाभर आधी मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी सगळे पाकळ्या टाकतात, पण अंतरपाट दर वेळी दूर होत नाही. 'तदेव लग्नं' कानावर पडलं की कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि खाली घ्यायचा नाही, एवढंच तिला पाठ करायला सांगितलं. ती समोरच्या बाजूला, मी अंतरपाटाच्या कडेला. सनई नव्हती, एका मावसभावाने स्पीकरवर लावली. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिच्या फोटोत दोघांच्या मधून आईबाबांचे चेहरे आलेत आणि माझ्यात दोघांचे एकमेकांकडे पाहणारे डोळे. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते. नवे कॅमेरे आपोआप डोळ्यावर फोकस धरतात, पण मुंडावळ्या मध्ये आल्या की फोकस मोत्यांवर जाऊन बसतो. अशा वेळी मी एकच छोटा फोकस बिंदू ठेवते आणि जवळच्या डोळ्याच्या पापणीवर धरते.

कंट्री हाउसमध्ये सगळ्यात मोठा मोह असतो तो रुंद लेन्सचा. घर इतकं भव्य की प्रत्येक फोटोत ते पुरं यावं असं वाटतं. मग माणसं मुंगीएवढी होतात. आपले विधी तर हातभर अंतरात घडतात: कन्यादानाच्या वेळी एकावर एक ठेवलेले हात, बहिणीच्या मागे कऱ्हा घेऊन उभी असलेली करवली, कान पिळताना हसणारा नवरीचा भाऊ. त्या इंग्रज नवरदेवाने कान पिळायला स्वतःच डोकं पुढे केलं, तो फोटो दोन्ही घरांनी फ्रेम करून घेतला आहे. त्यात घर म्हणून मागे एका खांबाची कड दिसते, तेवढीच. मला ते पुरेसं वाटतं. घर ओळखू येईल असे आठ-दहा फोटो नीट योजून काढावेत, बाकी दिवस माणसांना द्यावा.

विधींनंतर चहा-फराळ, मग तीनला नोंदणी लग्न. त्यासाठी सरकारी नोंदणी कार्यालयातून दोघे अधिकारी येतात. आधी वधू आणि वराला वेगवेगळं भेटून तपशील पडताळून घेतात. त्यांच्याशी फोटोग्राफरने स्वतः जाऊन बोलावं. कुठे उभं राहायचं, हलायचं की नाही, हे तेच ठरवतात. मला एक कोपरा मिळाला आणि मी पूर्ण वेळ तिथेच थांबले, शटरचा आवाज बंद करून. या सोहळ्याला धार्मिक स्वरूप चालत नाही, म्हणून आपले विधी सकाळी वेगळे उरकलेले होते. मे 2021 पासून इथे जाडजूड नोंदवही गेली आणि सुटा कागद आला. त्यावर सही होते आणि नंतर संगणकात नोंद होते. तेव्हापासून लग्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या बरोबरीने आईचंही नाव येतं. सही करणाऱ्या मुलीपेक्षा मागे बसलेल्या काकूंकडे माझा कॅमेरा त्या क्षणी वळला, तो या कारणासाठी. खऱ्या कागदाचा जवळून फोटो काढू देत नाहीत, त्यावर खाजगी माहिती असते. हातात पेन धरून वेगळी पोज घेऊ देतात.

त्यानंतर सगळ्या नातेवाइकांचे फोटो घराच्या मागच्या हिरवळीवर काढायचं ठरलं होतं आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. इंग्लंडमध्ये दुसरी जागा तयार ठेवल्याशिवाय मी कुठलंच काम करत नाही. ती जागा होती समोरचा खांबांचा व्हरांडा. वर छप्पर आणि समोर उघडं ढगाळ आकाश, त्यामुळे चेहऱ्यांवर सरळ, मऊ उजेड येतो. खरं सांगायचं तर हिरवळीपेक्षा तिथलेच फोटो चांगले आले. गवतावर उभं केलं की हनुवटीखाली हिरवट झाक येते आणि सोन्याचे दागिने मळकट दिसतात. दगडावर तसं होत नाही. मंडळींना व्हरांड्यात आणि आतल्या पायऱ्यांवर तीन ओळींत उभं केलं. आजींना मधोमध खुर्ची.

नावांची यादी मी काकूंकडून आधीच घेतली होती. "अगं, सगळेच आपले आहेत, कुणाला वगळू?" असं त्या म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, वगळू नका, फक्त क्रम सांगा. म्हाताऱ्या माणसांना आधी मोकळं करू." मुलीकडून मामा आणि मुलाकडून त्याची बहीण, असे नावं पुकारणारे दोघं ठरवले. मामांचा आवाज खणखणीत, ती बहीण प्रत्येकाला हाताला धरून आणत होती. अर्ध्या तासात दोन्हीकडचे सगळे गट झाले. इंग्रज व्याह्यांना फेटे बांधायची हौस होती, ते बांधूनच उभे राहिले.

संध्याकाळी जेवण, भाषणं. साडेआठला गोड पदार्थ वाढत असताना मी दोघांना फक्त पंधरा मिनिटं मागितली. हे को-ऑर्डिनेटरला आणि स्वयंपाकघराला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर नवरा-नवरी नसताना भाषण सुरू होतं. पाऊस थांबला होता आणि पश्चिमेकडे ढग फाटले होते. उत्तरेच्या भिंतीवर ते तिरपं ऊन आलं, दगड मधासारखा पिवळा दिसायला लागला. समोरच्या मैदानात मेंढ्या घराजवळ येऊ नयेत म्हणून खणलेला एक खंदक असतो, त्याला इथे हाहा म्हणतात. घरातून पाहिलं तर तो दिसत नाही, कुरण सलग वाटतं. मी त्याच्या पलीकडे उतरून खालून फोटो घेतले. कॅमेरा जमिनीजवळ, दोघं काठावर, मागे घर. तो एक रुंद लेन्सचा फोटो मी दिवसभर राखून ठेवला होता.

फोटो त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवले आणि एक डिस्क जोडीदारीण घेऊन गेली. निवड करून सहा आठवड्यांत दिले. घराने नंतर त्यांच्या जाहिरातीसाठी काही फोटो मागितले. ब्रिटनच्या 1988 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोंचा मालकीहक्क माझ्याकडे असला, तरी खाजगी समारंभासाठी काढून घेतलेले फोटो लोकांपुढे न येऊ देण्याचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून आधी दोघांना विचारलं. त्यांनी चेहरे न दिसणारे तीन फोटो निवडून दिले, तेवढेच पाठवले.

को-ऑर्डिनेटरने माझ्याकडून आणखी एक गोष्ट मागून घेतली: मराठी विधींचं टिपण. कुठल्या विधीला किती वेळ, अग्नी कधी आणि किती, अक्षता कुणाच्या हातात, बूट-चपला कुठे काढतात, गुरुजींना बसायला काय लागतं. गुरुजींकडून तपासून घेऊन मी ते लिहून दिलं. पुढच्या वसंतात त्याच घरात कोल्हापूरकडच्या एका कुटुंबाचं लग्न आहे. त्याचे फोटो दुसराच कुणी काढणार आहे, पण त्याला ते टिपण आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन येण्याची वेळ मी दोन्ही पाठवली आहेत. वसंतात सूर्य इतका वायव्येला जात नाही, तेव्हा त्याने महिना पाहून पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी, असंही खाली लिहिलं आहे.