रोदँच्या बागेत, आधी पाठीमागून

लूव्र म्युझियम बघून बाहेर पडलो तेव्हा पाय आणि डोकं दोन्ही बधिर झालं होतं. त्यामुळे फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँच्या म्युझियमला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली: मध्ये मध्ये बसायला मिळालं पाहिजे. पॅरिसमध्ये शिकणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, तिथे निम्मं म्युझियम बागेतच आहे. हवं तितकं बस."

तयारी फारशी लागत नाही. सोमवारी म्युझियम बंद असतं, तेवढं आधी डोक्यात ठेवायचं. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम सोमवारी बंद, तेव्हा मोजक्या दिवसांची सहल असेल तर वारांचा मेळ घालूनच बसावं लागतं. ऑक्टोबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण फुकट म्हटल्यावर गर्दीही आलीच. मी तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढलं. भाच्याला सव्विसावं लागलेलं नाही आणि तो तिथला रहिवासी, म्हणून त्याला तिकीटच नाही. नुसतं कार्ड दाखवून तो आत गेला. माझी पर्स मात्र मशीनमधून गेली, पाण्याच्या बाटलीसकट.

मेट्रोची तेरा नंबरची लाइन, स्टेशन व्हारेन. प्लॅटफॉर्मवरच रोदँच्या 'थिंकर'ची, म्हणजे हनुवटीला हात लावून विचारात बसलेल्या माणसाची, आणि फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या पुतळ्याची प्रतिकृती आहे. लोक त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता मोबाइलमध्ये मान घालून उभे होते. मी फोटो काढायला लागले तर भाचा म्हणाला, "अगं, पाच मिनिटांत खरा दिसेल." हे 'खरा' प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही, ते नंतर कळलं.

आत शिरल्यावर समोर ओतेल बिरों ही अठराव्या शतकातली हवेली. उजवीकडे गुलाबांच्या ताटव्यात थिंकर, डावीकडे 'नरकाचं दार'. मागे पसरलेली बाग साधारण तीन हेक्टरची. हवेली आधी की बाग आधी, यावर आमची थोडी झकाझकी झाली. ऊन चांगलं पडलं होतं आणि ब्राँझला ऊन लागतं, म्हणून बाग आधी.

थिंकरच्या समोर फोटोवाल्यांची रांग होती, तर मी मागच्या बाजूला गेले. आणि तिथेच बराच वेळ उभी राहिले. आयुष्यभर हा माणूस वहीच्या कव्हरवर, जाहिरातीत, कुठे कुठे समोरूनच पाहिलेला. त्याची पाठ कुणी दाखवलीच नव्हती. त्या पाठीचे स्नायू असे ताणलेले आहेत की हा विचार करतोय की दगड उचलतोय, असा प्रश्न पडावा. पायाची बोटं खालच्या खडकाला आवळून धरलेली. मग पुढे आल्यावर लक्षात आलं की उजवं कोपर डाव्या मांडीवर टेकवलंय. बाकावर बसून आम्ही दोघांनी तसं बसून पाहिलं. बसता येतं, पण अर्ध्या मिनिटात कंबर बोलायला लागते. हा माणूस काही आरामात बसलेला नाही.

तिथून 'नरकाच्या दारा'कडे. सहा मीटरहून उंच, चार मीटर रुंद, आणि अंगावर दोनशेच्या आसपास लहानमोठ्या आकृत्या. कुणी घसरतंय, कुणी लोंबकळतंय, कुणी दुसऱ्याच्या अंगावर चढून वर यायला बघतंय. 1880 मध्ये सरकारने रोदँला हे काम दिलं, ते होऊ घातलेल्या एका म्युझियमच्या प्रवेशद्वारासाठी. विषय इटालियन कवी दांतेच्या काव्यातल्या नरकाचा. ते म्युझियम कधी उभं राहिलंच नाही. त्या जागी रेल्वे स्टेशन झालं, आणि पुढे त्या स्टेशनचंच ओर्से म्युझियम झालं. या दाराचं प्लास्टरमधलं रूप आज तिथेच उभं आहे. म्हणजे ज्या जागेसाठी काम घेतलं त्या जागी ते शेवटी पोचलं, पण दार म्हणून नाही. रोदँ मात्र जन्मभर या दारात आकृत्या घालत, काढत, हलवत राहिला. 1917 मध्ये तो गेला तोवर ते ब्राँझमध्ये ओतलंच गेलं नव्हतं. जगात या दाराच्या ब्राँझच्या जेवढ्या प्रती आहेत, त्या सगळ्या त्याच्या माघारी ओतलेल्या.

"मग खरं कुठलं?" हा प्रश्न मी विचारला आणि भाच्याला भाषण द्यायला कारण मिळालं. रोदँ हातात माती घ्यायचा. मातीवरून साचा, साच्यातून प्लास्टर, आणि प्लास्टर ओतकाम करणाऱ्यांकडे. मोठं करायचं असेल तर ते काम वेगळे कारागीर करायचे. संगमरवरातलं कोरीव कामही बहुतेक मदतनिसांचंच. 1916 मध्ये त्याने आपली शिल्पं, संग्रह आणि ओतकामाचे हक्क सगळं सरकारला देऊन टाकलं. त्यामुळे म्युझियम आजही त्या साच्यांवरून प्रती काढू शकतं, आणि त्यांच्या विक्रीतून आपला खर्च भागवतं. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे एका शिल्पाच्या बारा प्रती 'मूळ' मानल्या जातात, त्यापुढची नक्कल. मला हे पचायला जरा वेळ लागला. आपल्याकडच्या चोळ ब्राँझमध्ये मेण वितळतं, साचा फुटतो, आणि मूर्ती एकुलती एक राहते. गंमत म्हणजे याच रोदँने मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाचे फोटो पाहून 1913 मध्ये त्यावर भरभरून लिहिलं होतं. भारतात तो कधी आला नाही.

दुपारी ऊन चढल्यावर हवेलीत गेलो. ही हवेली एकेकाळी मुलींची कॉन्व्हेंट शाळा होती. ती बंद झाल्यावर खोल्या स्वस्तात भाड्याने मिळायला लागल्या आणि कलाकार मंडळी येऊन राहिली. चित्रकार मातीस राहिला, नर्तकी इसाडोरा डंकन राहिली. कवी रिल्केने रोदँला ही जागा दाखवली आणि 1908 पासून त्याने इथे खोल्या घेतल्या. 1919 मध्ये म्युझियम उघडलं. मधल्या मोठ्या दुरुस्तीनंतर 2015 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. जुनी लाकडी जमीन पावलागणिक करकरते, आणि खिडक्यांतून बाग दिसत राहते. कृत्रिम उजेडात ठेवलेल्या पुतळ्यांपेक्षा खिडकीजवळचे पुतळे कितीतरी जास्त जिवंत वाटले.

'चुंबन' या संगमरवरापाशी गर्दी होणार हे गृहीतच होतं. तिथे आम्ही फार थांबलो नाही. खरं सांगायचं तर मला ते जरा गुळगुळीत वाटलं. त्यातली जोडी म्हणजे दांतेच्या काव्यातले प्रेमी पाओलो आणि फ्रांचेस्का. आधी ती नरकाच्या दारातच होती, पण तिथल्या तळमळीत हे सुख बसेना म्हणून रोदँने तिला बाहेर काढलं. पुढच्या एका खोलीत दोन हातांचं एक शिल्प आहे, नाव 'कॅथीड्रल'. बोटं एकमेकांजवळ येताहेत, मध्ये पोकळी. नमस्कार जुळायच्या आधीचा क्षण असं वाटून मी पुढे निघाले होते, तर भाचा म्हणाला, "मावशी, अंगठे बघ." दोन्ही हात उजवे आहेत! म्हणजे माणसं दोन. मी माझा उजवा हात त्याच्या उजव्या हातासमोर धरून पडताळून पाहिलं. कोपऱ्यातल्या बाई आमच्याकडे बघून हसल्या, बहुधा रोज कुणी ना कुणी तिथे हेच करत असणार.

कामीय क्लोदेलच्या कामासाठी वेगळी खोली आहे. ती रोदँची शिष्या, सहकारी, प्रेयसी. 1913 मध्ये तिला मनोरुग्णालयात टाकलं आणि 1943 मध्ये मरेपर्यंत ती तिथून बाहेर आली नाही. तिचं 'प्रौढ वय' हे ब्राँझ बघाच. म्हातारी एका पुरुषाला ओढून नेतेय, आणि मागे गुडघ्यावर बसलेली तरुणी हात पसरून त्याला थांबवू बघतेय. दोघांचे हात सुटलेले आहेत. बहुतेक जण त्यात कामीय, रोदँ आणि त्याची जन्माची जोडीदारीण रोझ बघतात. ते नसतं बघितलं तरी हातांमधल्या त्या वीतभर अंतरात सगळं शिल्प आहे. माझ्या मते या घरात रोदँच्या तोडीस तोड कुणी असेल तर ही बाई, आणि तिला मिळालेली जागा पुरेशी नाही. भिंतींवर रोदँच्या संग्रहातली चित्रंही आहेत. व्हॅन गॉगने काढलेलं 'पेर तांगी' या रंगविक्रेत्याचं चित्र समोर येतं तेव्हा दचकायला होतं, कारण तोवर रंग ही गोष्टच आपण विसरलेलो असतो.

मग पुन्हा बाग. तुम्हीही वेळ असाच काढा, बाग दोनदा होईल असा. आता 'नरकाच्या दारा'पाशी गेलो तर ते वाचता यायला लागलं होतं. वर मधोमध बसलेला छोटासा माणूस म्हणजे सकाळचा थिंकर. तो मूळचा इथला, जेमतेम सत्तर सेंटिमीटरचा, आणि मग मोठा करून वेगळा काढलेला. त्याच्या डोक्यावरच्या तीन 'सावल्या' नीट पाहिल्या तर तीन माणसं नाहीतच. एकच आकृती तीनदा, फक्त फिरवून लावलेली. दांतेच्या काव्यातला, कैदेत उपाशी ठेवलेला उगोलिनो आणि त्याची भुकेली मुलं दारातही आहेत आणि मागच्या तळ्याच्या मधोमधही. एका मातीच्या गोळ्यातून रोदँने आयुष्यभर भांडवल वापरावं तसं काम काढलं. काहीही वाया घालवलं नाही.

शेवटी 'कॅलेचे नागरिक'. 1347 मध्ये इंग्लंडच्या राजाने फ्रान्समधल्या कॅले शहराचा वेढा उठवायच्या बदल्यात तिथले सहा प्रतिष्ठित लोक मागितले, गळ्यात दोर आणि हातात शहराच्या किल्ल्या घेऊन. तेच हे सहा. एकही जण वीरासारखा उभा नाही. एकाने डोकं दोन्ही हातांत धरलंय. किल्ली घेतलेल्याचा जबडा इतका आवळलाय की दात दुखत असतील असं वाटतं. समोरून कुणीच नीट दिसत नाही, प्रत्येकासाठी फेरी मारावी लागते. रोदँला हे लोक चौथऱ्याविना, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पातळीवर हवे होते. कॅले शहराने 1895 मध्ये त्यांना उंचावर चढवलं आणि तो गेल्यावर, 1924 मध्ये, खाली घेतलं. भाच्याने सगळ्यांचे पाय बघायला सांगितलं. पाय खरंच अवाढव्य आहेत.

ज्यांच्याकडे अजून एक दुपार असेल त्यांनी आर-ई-आर सी या उपनगरी गाडीने पॅरिसजवळच्या म्यूदाँला जावं. तिथे रोदँचं घर आहे, आणि समाधीवर पुन्हा थिंकर. शेजारी रोझ आहे. पन्नासहून जास्त वर्षं सोबत राहून दोघांनी जानेवारी 1917 मध्ये लग्न केलं, आणि तीन आठवड्यांच्या आत ती गेली, नोव्हेंबरमध्ये तो. आम्हाला वेळ नव्हता. भाच्याला बजावून आले आहे की जाशील तेव्हा फोटो पाठव, आणि पाठीमागूनही काढ.