तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्णा हेच नाव का?

"पूर्णा? म्हणजे आता पूर्ण झालं म्हणायचं का?"

लसीकरणाला नेलं की नर्सताई विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले की पलीकडच्या आजी आधी "कितवी?" विचारतात आणि "तिसरी" म्हटल्यावर नाव विचारतात, मग त्यांना सगळं समजल्यासारखं होतं. कुणी हसून विचारतं, कुणी कीव करून. आजवर मी "नाही हो, नदीचं नाव आहे" एवढं बोलून गप्प बसत आले. समोरची "हो का, छान" म्हणते, पण पटलेलं नसतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

थोरली तापी, मधली गिरणा, धाकटी पूर्णा. सासरची शेती चोपडा तालुक्यात तापीकाठी आहे. थोरली झाली तेव्हा आजेसासरे हयात होते, त्यांनी तापी म्हटलं आणि तेच ठरलं. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती, हे बाईमाणसाचं जुनं नाव म्हणून. मधलीच्या वेळी ह्यांची नोकरी भडगावला होती. भडगाव गिरणेच्या काठावर. पोर पोटात असताना रोज संध्याकाळी आम्ही पुलापर्यंत चालत जायचो, तेव्हा तिच्या नावाचा फारसा विचार करावाच लागला नाही.

दोन नद्या झाल्यावर तिसरीला नदीच हवी, हे आमच्या आधी लोकांनी ठरवून टाकलं. गंगा, यमुना, कावेरी, रेवा अशी नावं येत राहिली. सगळी गोड आहेत. पण तापी आणि गिरणा ह्यांच्या शेजारी गंगा आणून ठेवली की त्या दोघी एकदम गावाकडच्या वाटायला लागतात. बहिणींची नावं जुळायची तर ती एका मातीतली असावीत, यमक जुळलं नाही तरी चालेल, असं मला वाटतं. बहिणाबाई चौधरींच्या तिघा भावांची नावं घमा, गना आणि घना होती. तसं जुळवणं आमच्या खानदेशात जुनंच आहे आणि ऐकायला मजाही येते, पण हाक मारली की तिघं धावून येत असतील.

मग खानदेशातल्याच नद्या काढल्या. पांझरा, बोरी, वाघूर, तितूर, अनेर, गोमाई. वाघूर नावात दम आहे, पण शाळेत पोरीला त्रास झाला असता. रावेरकडची सुकी तर विचारातही घेता येत नव्हती. शिरपूरची अरुणावती मनापासून आवडली होती. तिच्यात एकच अडचण होती, आमचं त्या नदीशी काही नातं नव्हतं. ह्यांनी आणि मी कधी तिच्या पाण्यात पायसुद्धा घातला नाही.

आणि पूर्णा माझी आहे. माझं माहेर मुक्ताईनगर तालुक्यातलं. सातपुड्यात उगम पावून, अमरावती, अकोला, बुलढाणा करत आलेली पूर्णा आमच्याकडे चांगदेवला तापीला मिळते. (परभणीकडची पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते. हेही दर वेळी सांगावं लागतं.) महाशिवरात्रीला मुक्ताईची यात्रा भरते, तेव्हा आम्ही सगळी भावंडं संगमावर जायचो. हतनूर धरणामुळे तिथे आता पाणी एवढं पसरलेलं असतं की कुठली तापी आणि कुठली पूर्णा ते परक्याला कळत नाही. वडील बोट दाखवून सांगायचे, "तिकडून येते ती आपली." संगमाच्या पुढे पूर्णेचं नाव राहत नाही, सगळी तापीच होते. खाली जळगाव ओलांडल्यावर गिरणाही तापीतच येऊन मिळते. दोघी धाकट्या थोरलीला मिळतात, हे मी तापीला नकाशावर दाखवलं तेव्हा ती पुढे कितीतरी दिवस दोघींवर दादागिरी करत होती.

तापी सासरची, गिरणा ह्यांच्या नोकरीची. तिसरीच्या वेळी पहिल्यांदा माझ्या बाजूचं काहीतरी ह्या घरात यायचं होतं. एवढं साधं कारण आहे. कुणी विचारत नाही ते हेच.

आता बारशाचं सांगते.

बारसं सासरी गावाला झालं. ओसरीवर पाळणा बांधला होता, गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, वरवंट्याला टोपडं घालून त्याला पाळण्याखालून ह्या बाजूने त्या बाजूला दिलं. नणंदबाई पाळण्यात वाकल्या, कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बायांनी पाठीत धपाधप धपाटे घातले. इथवर सगळं छान चाललं होतं. माझी आई भिंतीला टेकून बसली होती, बाळंतविड्याची पिशवी अजून मांडीवरच. आदल्या आठवड्यात तिने गावात सगळ्यांना सांगितलं होतं की आपल्या पूर्णेचं नाव लेकीच्या सासरी लागतंय. वडील गेल्यापासून ती अशी कशासाठी उत्साहाने घरोघर फिरलेली मला आठवत नाही.

नाव ऐकल्यावर माझ्या मावससासूबाई म्हणाल्या, "बरं नाव ठेवं माय. पूर्णा. आते पुरं झायं. आते भाऊ येवाले जोयजे." म्हणजे, आता पुरं झालं, आता भाऊ यायला हवा.

सगळ्या हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "हाव ना माय."

आईला अहिराणी बोलता येत नाही, पण एवढं न समजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली, उठली आणि आत जाऊन घुगऱ्या वाढायला घेतल्या. घुगऱ्या वाढायला आत तीन बाया आधीच होत्या. तिच्या हातातला डाव एकाच वाटीत दोनदा पडला, गहू-हरभरे ताटात सांडले, तरी ती वाढत राहिली.

बाळंतिणीने बोलू नये असं कुणी म्हटलेलं नाही, पण सहसा कुणी बोलत नाही. मी बोलले. म्हटलं, "माझ्या माहेरच्या नदीचं नाव आहे ते. पोरगी नको झाली म्हणून ठेवलेलं नाही." जरा मोठ्याने बोलले असेन. ओसरी गप्प झाली. मावससासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, अजिबात न रागावता, आणि म्हणाल्या, "आसू दे माय. नदी बी शे आन् पुरं बी शे." नदीही आहे आणि पुरंही आहे.

परत सगळ्या हसल्या, ह्या वेळी जरा हळू.

त्या बाईंना स्वतःला मुलगा होण्याआधी पाच मुली झाल्या. त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच काही सुचलं नाही. विखार असता तर भांडता आलं असतं. त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्यानंतरचे काही महिने मी नाव बदलायचं मनात घेऊन होते. जन्माची नोंद झाली होती, दाखल्यात नाव घालायचं राहिलं होतं. त्याला वर्षभर मुदत असते, त्यात काही शुल्क लागत नाही. अरुणावती लिहून टाकावं, घरात पूर्णा म्हणावं, असं मी स्वतःलाच समजावत होते. तेव्हाच्या मला वाटायचं की पोरीला एवढं ओझं कशाला? जन्मभर कुणीतरी "पूर्ण झालं का" विचारणार, दहावीच्या हॉलतिकिटावर, लग्नाच्या पत्रिकेवर. त्या मुद्द्याला मी अजूनही खोटं म्हणू शकत नाही. पण मग दुसरी बाजू यायची. नाव बदललं तर मावससासूबाईंचाच अर्थ खरा ठरतो आणि आमची नदी तेवढ्यापुरती त्यांची होते. शेवटी मुदतीच्या आत आम्ही गेलो आणि पूर्णाच लिहिलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी आईचं नाव येतं आणि मग वडिलांचं. म्हणजे पूर्णाच्या नावापाठोपाठ माझं नाव आहे. तापी आणि गिरणाच्या कागदांवर ते तसं नाही. त्यावरून गिरणा अजून रुसलेली आहे, तो वेगळा विषय.

लोक म्हणतात, तू उगाच मनाला लावून घेतेस. मी मनाला लावून घेतेच. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, अख्ख्या राज्यात ८९४. त्याच साली साताऱ्यात नकुशा, म्हणजे नकोशी, नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. अशा ठिकाणी तिसऱ्या मुलीचं नाव कुणी कसं ऐकावं, हे माझ्या हातात नाही, पण ते सहज म्हणून सोडूनही देता येत नाही. आमच्याकडे मुलग्यांचीही वाईट नावं ठेवायचे. उखर्डू, धुडकू, भिका अजून प्रत्येक गावात सापडतील. आधीची मुलं जगली नाहीत तर पुढच्याला नजर लागू नये, तो राहावा म्हणून तसं नाव द्यायचे. मुलाला वाईट नाव द्यायचं ते त्याने थांबावं म्हणून, आणि मुलीला द्यायचं ते पुढच्या मुली थांबाव्यात म्हणून. हा फरक लहानपणापासून कानावर आहे, त्यामुळे मला ह्या बाबतीत हसता येत नाही.

आणि मुक्ताई? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. शेंडेफळ आणि मुलगी. आमच्या तालुक्याला तिचं नाव आहे. मुक्ता म्हणजे आईबाप एकदाचे सुटले, असं आजवर कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मग माझ्याच मुलीच्या नावात तुम्हाला ते का ऐकू येतं?

हे लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता आलं असतं, पण मग हे लिहिण्यात काही अर्थ नाही. मी पूर्णा हे नाव पहिल्यांदा सुचवलं, तेव्हा हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला पटेल." सासूबाईंना माझ्या माहेरचं काही इतक्या चटकन पटत नाही. का पटेल, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मला नाव हवं होतं, त्यांचा होकार हवा होता, तो मिळाला आणि मी घेतला. आज परत तसं झालं तर परत घेईन. तिसऱ्या मुलीला आपल्या माहेरचं नाव लावायला किती बायांना होकार मिळतो?

चौथं मूल होणार का, हेही तुम्ही विचारता. ते आमचं आम्ही पाहू. पूर्णाच्या नावात त्याचं उत्तर शोधू नका, तिथे ते नाही.

सासूबाई हल्ली आमच्याकडे राहायला आहेत. कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून त्या तिला भरवतात, दोघींचं छान जमतं. त्या तिला "पुरी" म्हणतात. आमच्याकडे नावाला असं छोटं करून हाक मारायची पद्धत आहेच, तापीला त्या तापू म्हणतात. पण पुरी म्हणताना त्यांच्या मनात नदी असते की दुसरं काही, ते मला ओळखता येत नाही. हे म्हणतात, विचारून टाक एकदा. अजून विचारलेलं नाही.