गेटाचा चेहरा

आज पुन्हा गेटाचं चित्र उघडून बसले. गेटाचं म्हणजे, जिथे गेटाचा चेहरा होता त्या जागेचं.

बर्लिनच्या आल्टेस म्युझियममधली ती गोल लाकडी फळी. फूटभर रुंद असेल, इ.स. 200 च्या सुमारास रंगवलेली. करड्या दाढीचा रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, शेजारी मोती ल्यालेली त्याची बायको युलिया डोम्ना, पुढे दोन मुलगे. एक काराकाला. दुसरा गेटा. त्याचे कपडे आहेत, खांदे आहेत, चेहऱ्याच्या जागी नुसता खरवडलेला डाग. आणि तो नेमका आईच्या पुढ्यात.

मोठ्या आईने दुपारी ग्रुपवर फोटो टाकला. लग्नाच्या पत्रिकेसाठी ‘नीट करून घेतलेला’. वहिनी नाही त्यात. माझ्या डाव्या खांद्यावर तिचा हात होता, तिथे आता मागच्या पडद्याची झालर आहे. ओढणीवर तिच्या बोटांनी पडलेली चुणी मात्र तशीच आहे. सगळ्यांनी अंगठे दिले. मी काहीच लिहिलं नाही. दादाचं आणि तिचं जे झालं ते झालं, त्यात मला पडायचं नाही. पण हात माझ्या खांद्यावर होता. मला विचारायचं तरी.

या घरात मला कोणी काही विचारत नाही, हे तर आहेच. ते जाऊ दे.

सेव्हेरस इ.स. 211 च्या फेब्रुवारीत वारला आणि राज्य दोघा भावांकडे आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काराकालाने गेटाला मारवलं. समेट घडवते म्हणून आईने दोघांना आपल्या दालनात बोलावलं होतं. मारेकरी आत घुसले, गेटा धावत जाऊन तिला बिलगला आणि तिच्या कुशीतच मेला. तिच्याही हाताला जखम झाली. हे सगळं इतिहासकार कॅसियस डिओने लिहून ठेवलंय, आणि तो त्याच काळात रोमच्या सिनेटमध्ये बसत होता. तो पुढे लिहितो की मुलासाठी रडायचीही तिला सोय नव्हती. जणू काही चांगलंच घडलंय अशा चेहऱ्याने तिला वावरावं लागलं.

मग गेटा पुसायचं काम सुरू झालं. त्याची नाणी वितळवली. ज्या दगडांवर त्याचे पुतळे उभे होते त्या दगडांचाही काराकालाला राग. गेटा हे नाटकांतल्या गुलामांचं नेहमीचं नाव, तेसुद्धा लेखकांनी वापरायचं सोडलं. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या मुख्य चौकात, इ.स. 203 ची सेव्हेरसची कमान आजही उभी आहे. तिच्यावरचं गेटाचं नाव काढून तिथे बाप आणि भावाची आणखी स्तुती बसवली. पण अक्षरं काशाची होती आणि खिळ्यांनी ठोकलेली. भोकं राहिली. त्या भोकांवरून जुनं नाव आजही लावता येतं.

पण मला ती फळीच जास्त छळते. ती बहुधा इजिप्तमधली, राजधानीपासून किती लांब! तिथे कोणीतरी ती उतरवून घेतली असेल, मांडीवर धरून एका मुलाचं तोंड खरवडलं असेल. त्याची तरी काय सुटका होती? त्या जगात सम्राटाचं चित्र म्हणजे सम्राटच. सम्राट टायबेरियसच्या राज्यात त्याच्या आधीच्या सम्राटाचा, ऑगस्टसचा, छाप असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचालयात जाणं हा जिवावर बेतणारा गुन्हा ठरला होता, असं सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस सांगतो. पळालेला गुलाम पुतळ्याच्या पायाशी जाऊन आसरा मागायचा. तिथे चेहरा पुसणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा मारणंच.

तरी त्यांनी डाग ठेवला. दुपारपासून मी इथेच अडकले आहे. नवीन फळी रंगवता आली असती, तिघांची, नीटनेटकी. पण पुसलेलं दिसायला हवं होतं, बघणाऱ्याला धाक बसायला हवा होता. त्यामुळे अठराशे वर्षांनंतरही त्या फळीकडे बघणाऱ्याची नजर सम्राटावर ठरत नाही, गेटावर जाते. आमच्या फोटोत डागसुद्धा नाही. माझ्या भाच्यांची मुलं तो बघतील तेव्हा इथे कोणी होतं याची त्यांना शंकाही येणार नाही. या सफाईचीच मला भीती वाटते. मोठ्या आईचा राग येत नाही खरं तर. तिचंही काही... नको.

रात्री रोमन इतिहासकार टॅसिटसचं पुस्तक काढलं. युनियाच्या अंत्ययात्रेचं पान. रोमच्या बड्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असत, घरात दर्शनी जागी लाकडी देव्हाऱ्यासारख्या कपाटात ठेवलेले. कोणी गेलं की ते मुखवटे चढवून माणसं यात्रेत चालत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस म्हणतो, त्यासाठी अंगलटीने त्या त्या पूर्वजाशी जुळणारी माणसं निवडत. युनिया ही ब्रूटसची बहीण, कॅसियसची बायको (हा कॅसियस वेगळा, डिओ नव्हे). ती वारली इ.स. 22 मध्ये. यात्रेत वीस थोर घराण्यांच्या प्रतिमा होत्या, पण सीझरला मारणाऱ्या त्या दोघांच्या नव्हत्या. टॅसिटस लिहितो, सगळ्यांत जास्त तळपत होते तेच दोघे, त्यांच्या प्रतिमा दिसत नव्हत्या म्हणूनच.

हे वाचून जरा बरं वाटलं. लग्नाला येणारी आमची सगळी माणसं वहिनीला ओळखतात. मांडवात पाय ठेवल्या ठेवल्या पहिली आत्या विचारेल, धाकट्या मावशीला तर राहवणारच नाही, आणि दादाला दर पंगतीला उत्तर द्यावं लागेल. विचारू देत. मला विचारलं तर मी सांगणार, ती बरी आहे, नाशिकला असते, परवाच बोलणं झालं.