लॅकॉक आणि ती छोटीशी खिडकी

इंग्लंडमधल्या लॅकॉक या जुन्या गावाला जाणार असाल तर माझं एवढं ऐका, गल्ल्यांमध्ये फोटो काढून तसेच परत फिरू नका, ॲबीचं, म्हणजे तिथल्या जुन्या मठाचं, तिकीट काढा आणि आत जाऊन फोटोग्राफीच्या इतिहासातली ती खिडकी बघाच.

आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो. लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रेनने चिपनम, साधारण सव्वा तास, आणि तिथून पाचेक किलोमीटर बसने. गाव विल्टशायरमध्ये, मुख्य रस्ते जेमतेम चार, चौकोनात. पण एक घर दुसऱ्यासारखं नाही, कुठे लाकडी चौकटीचं, कुठे दगडी, मधेच विटांचं, भिंती पोक काढून उभ्या, छपरं वाकलेली. वर वायरी नाहीत, अँटेना नाहीत, त्यामुळे सिनेमावाल्यांचं आवडतं गाव आणि हॅरी पॉटरचं शूटिंग ॲबीत झाल्यामुळे तर गर्दी विचारूच नका.

आई एका दाराशी थांबली आणि म्हणाली, "अगं, आत माणसं राहतायत, आणि हे लोक खिडकीतून डोकावतायत की!" खरंच राहतात. लोकरीच्या धंद्यावर जुन्या काळी श्रीमंत झालेलं हे गाव पुढे टॅलबट घराण्याकडे होतं आणि 1944 साली मटिल्डा टॅलबट यांनी ॲबी आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. घरं भाड्याने दिलेली आहेत. गाव एका हातात राहिलं म्हणून टिकलं असं मला वाटतं, घराघराचा वेगळा मालक असता तर एव्हाना काय काय पाडलं गेलं असतं कोण जाणे. म्हणून कोणाच्या दारात उभं राहून पोज देऊ नका प्लीज.

ॲबी 1232 ची. एला नावाच्या सॅलिसबरीच्या काउंटेसने नवरा गेल्यावर नन्ससाठी हा मठ बांधायला घेतला आणि पुढे स्वतःच तिथली प्रमुख झाली, त्याआधी ती विल्टशायरची शेरीफही, म्हणजे राजाची तिथली मुख्य अधिकारीही, होती, तेराव्या शतकात! आईला ही बाई भलतीच आवडली. 1539 मध्ये आठव्या हेन्री राजाच्या काळात मठ बंद झाला आणि मग त्याचं राहतं घर केलं गेलं, तरी खालचे क्लॉइस्टर, म्हणजे अंगणाभोवतीचे कमानींचे व्हरांडे, अजून तसेच आहेत, तिथे निवांत बसा.

आणि मग वर, साउथ गॅलरीत, ती खिडकी. चौकोनी तुकड्यांची जाळीदार काच, पाहिल्यावर "हीच का?" वाटेल इतकी साधी. ऑगस्ट 1835 मध्ये याच घराण्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी मिठाचं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेला कागद एका छोट्या लाकडी कॅमेऱ्यात ठेवून या खिडकीचं चित्र कागदावर उतरवलं. आज शिल्लक असलेलं जगातलं सगळ्यात जुनं निगेटिव्ह (उजेड-काळोख उलटा दिसणारं चित्र) ते हेच, पोस्टाच्या तिकिटाएवढं. टॅलबट यांनीच लिहून ठेवलंय की ते नवीन असताना भिंगातून बघितलं तर काचेचे सुमारे 200 तुकडे मोजता यायचे. फ्रान्समध्ये डागेर नावाच्या चित्रकाराची फोटोची जी पद्धत 1839 मध्ये जाहीर झाली तिच्यात एक फोटो म्हणजे एकच प्रत, पण टॅलबट यांच्या वाटेने एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि पुढे फिल्मचा जमाना संपेपर्यंत बहुतेक सगळं याच कल्पनेवर चाललं. बाबांनी आयुष्यभर रोलवाला कॅमेरा वापरला, ते तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होते, मग म्हणाले, "आपल्या लग्नाचा अल्बमसुद्धा इथूनच आला म्हणायचा." माझ्या अंगावर काटाच आला.

खाली टॅलबट यांच्या नावाचं म्युझियमही आहे, तेही सोडू नका. गाडीने गेलात तर गावाबाहेर कारपार्क आहे, तिथेच लावा. ॲबीतल्या खोल्या रोज उघड्या असतीलच असं नाही, निघण्याआधी नॅशनल ट्रस्टच्या साइटवर बघा, आणि शक्यतो ॲबी आधी करा, गाव संध्याकाळी, बसवाल्या टूर परत गेल्या की गल्ल्या मोकळ्या होतात.